बुचाहून मोठे छिद्र



मराठी साहित्य घेऊन एम. ए. झालेल्या बाईने फळीला भोके पाडण्याविषयी व्याख्यान द्यावे, ही गोष्ट काहीशी विपरीतच आहे. परंतु अनुवादकाच्या वाट्याला कोणता विषय येईल हे त्याची पदवी पाहून ठरत नाही. काही वर्षांपूर्वी घरच्या घरी सर्फबोर्ड कसा तयार करावा हे सांगणारे एक छोटेसे इंग्रजी पुस्तक माझ्याकडे अनुवादासाठी आले. त्यातील एका प्रकरणात मी एक शब्द चुकीचा योजला. त्या शब्दावर विसंबून एक काम केले गेले आणि ते काम समुद्रात उखडले. आज मी बोलणार आहे ते त्या शब्दाविषयी आणि त्या कामाविषयी.

फुटत येणाऱ्या लाटेच्या उतारावरून उभ्याने घसरत जाण्यासाठी जी लांब, निमुळती फळी वापरतात ती म्हणजे सर्फबोर्ड. आपल्या देशातही तमिळनाडूतील कोवलम, कर्नाटकातील मुळकी अशा ठिकाणी तरुण मुले या फळ्या घेऊन समुद्रात उतरतात. या खेळाचे माहेर मात्र हवाई बेटे. कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये तेथील लोकांच्या या क्रीडेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या जुन्या फळ्या अखंड लाकडाच्या असत आणि त्यांचा तळ अगदी मोकळा असे. त्यामुळे फळी लाटेवर तिरकी घेतली की तिची शेपटी बाजूला घसरे. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने वायकीकीच्या किनाऱ्यावर एका निकामी स्पीडबोटीच्या तळाचा धातूचा उभा भाग काढून तो आपल्या फळीच्या मागच्या टोकाखाली बसवला. फळी घसरायची थांबली. माशाच्या अंगावरील ज्या अवयवाला आपण पर म्हणतो, तेच नाव मी या पात्याला दिले आहे आणि त्याबद्दल मला अजून तरी पश्चात्ताप झालेला नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत परांची संख्या एकाची दोन आणि दोनाची तीन झाली. मार्क रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूने १९७९ ते १९८२ या काळात सलग चार जागतिक विजेतेपदे मिळवली, ती मुख्यतः दोन परांच्या फळ्यांवर. त्याच काळात, १९८० मध्ये, सिडनीच्या उत्तरेकडील नॅराबीनचा खेळाडू आणि फळ्या घडवणारा कारागीर सायमन अँडरसन याने सारख्याच मापाचे तीन पर बसवून पाहिले. १९८१ मध्ये बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत तो त्याच फळीवर जिंकला आणि तीन पर हीच जणू रीत होऊन बसली.

परंतु हे सारे पर फळीच्या तळावर काचतंतूंच्या कापडाने कायमचे जडवलेले असत. खडकावर आपटले की पर तर मोडेच, वर फळीचे कवचही फाटे. फळी विमानातून नेणे जिकिरीचे होई. पर बदलून पाहण्याची सोय नव्हती ती वेगळीच. यावर पहिला उपाय निघाला तो मधल्या पराला सरकती जागा देणाऱ्या लांब पेटीचा. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून दुसरा आला: प्रत्येक परासाठी प्लॅस्टिकचे दोन लहान गोल तुकडे फळीच्या तळात पुरायचे, पराच्या बुडाचे दोन दात त्यांच्या फटींत सरकवायचे आणि आडव्या बारीक स्क्रूने पक्के करायचे. तीन पर, म्हणजे सहा तुकडे. इंग्रजीत या तुकड्याला प्लग म्हणतात, आणि माझी अडचण येथेच सुरू झाली.

आपल्या घरात प्लग म्हणजे विजेचा. तो दुसऱ्यात शिरतो. हा प्लग मात्र दुसऱ्याला आपल्यात घेतो. शब्द तसाच ठेवला तर वाचक उलटे समजेल, या भीतीने मी कोशात शिरले आणि 'बूच' घेऊन बाहेर आले. छिद्रात बसते, छिद्र बंद करते, घरोघरी ठाऊक आहे. वाक्य सहज जुळून आले: 'बूच छिद्रात घट्ट बसवावे.' मुळात 'घट्ट' हा शब्द नव्हता. तो मी घातला असेही म्हणता येणार नाही, कारण बूच म्हटले की तो आपोआपच येतो. सैल बसते ते बूच कसले?

त्या सुमारास मी सिडनीला बहिणीकडे गेले होते. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये स्वतःसाठी फळी घडवत होता. त्याला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेले सगळे समजते. मला वाटले, अनुवादाची याहून चांगली परीक्षा कोणती? मी माझे मराठी वाचून दाखवावे, त्याने तेवढ्यावरून काम करावे, इंग्रजी पुस्तक उघडायचे नाही, असे आमचे ठरले. फोमचा ठोकळा तासून झाला, काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून त्यावर चढवले गेले, घासणेही झाले. मग मी ते वाक्य वाचले. तो आज्ञाधारक मुलगा. त्याने बरोबर प्लगाच्याच मापाचे गोल करवत आणले, सहा छिद्रे पाडली, आत थोडे रेझिन घातले आणि प्रत्येक प्लग लाकडी हातोडीने ठोकून बसवला. दिसायला काम अतिशय सुबक झाले होते.

चौथ्या दिवशी नॅराबीनच्या लाटेवर त्याने जोराचे वळण घेतले आणि उजवा पर दोन्ही प्लगांसह उपटून गेला. तो पाण्यात पडला, त्याला इजा झाली नाही. फळी मात्र त्या दोन छिद्रांतून पाणी पीत किनाऱ्यावर आली. तो मला एवढेच म्हणाला, "मावशी, तूच घट्ट म्हणाली होतीस ना?"

त्या रात्री मी ते प्रकरण पुन्हा वाचले, या वेळी शब्दांकडे न पाहता वस्तूकडे पाहून. या फळीचा गाभा म्हणजे फोम. नखाने दाबला तरी त्यात खळगा पडतो. फळीचे बळ आहे ते तिच्या पातळ काचेच्या कवचात. आता पराचा विचार करा. तो साधारण साडेचार इंच खोल पाण्यात उतरलेला असतो, आणि खोबणीत शिरलेले त्याचे दात अर्ध्या इंचाच्या आसपास. वळणावर पाण्याचा सगळा रेटा त्या साडेचार इंचांवर आडवा येतो. म्हणजे पर ही एक पहारच झाली. प्लगाभोवती नुसता फोम असेल तर ती पहार प्लगाला हलवत राहते, फोम चेंगरतो आणि प्लग निघून येतो. तो टिकायचा असेल तर त्याच्यावरचा भार कवचाकडे पोचला पाहिजे, आणि तो पोचवते ते प्लगाच्या सभोवार भरलेले रेझिन. आम्ही प्लग ठोकून बसवला तेव्हा त्याच्या कडांनी ते रेझिन खरवडून काढले होते. उरला होता तो नुसता लेप. प्लग जितका घट्ट, तितका तो कच्चा.

तेव्हा छिद्र प्लगाहून मोठे हवे. सर्व बाजूंनी सारखी, पण पुरेशी फट राहिली पाहिजे. आम्ही दुसऱ्या वेळी कवचाच्या लगेच खाली फोम थोडा अधिक कोरून घेतला, म्हणजे तेथे रेझिनची रुंद कॉलर तयार होऊन ती कवचाला आतून धरून राहते. काही कारागीर छिद्राच्या तळातून बारीक भोके वरच्या कवचापर्यंत नेतात, त्यांत उतरलेले रेझिन वाळून खांबांसारखे उभे राहते. परांच्या जागी कवच चढवतानाच कापडाचा एक जादा थर द्यावा लागतो, हे वाक्य मी आधीच्या प्रकरणात अनुवादिले होते, पण ते कशासाठी हे मला तेव्हा उमगले नव्हते.

आता क्रम सांगते. कवचावरचा दुसरा लेप वाळून घासला गेला की छिद्रांची वेळ येते. अखेरची झिलई नंतर. तळावर मध्यरेषा आखावी. मधल्या पराची मागची कड शेपटीच्या टोकापासून तीन ते साडेतीन इंचांवर, बाजूच्या परांची अकरा इंचांच्या आसपास आणि फळीच्या कडेपासून सव्वा इंच आत, ही प्रचलित मापे. बाजूचे पर मध्यरेषेला समांतर नसतात. त्यांचे पुढचे टोक मागच्यापेक्षा पाव इंच आत वळलेले असते, आणि ते थोड्या अंशांनी बाहेर कललेलेही असतात. डावा आणि उजवा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतील तर फळी एका अंगाला ओढत राहते, म्हणून मापे तीनदा घ्यावीत. मोकळ्या हाताने ड्रिल धरले तर गोलसर तळावर ते भरकटते. प्लायवुडच्या तुकड्यात आधी छिद्रे पाडून तो तळाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावावा आणि त्यातून काम करावे. किती खोल जायचे त्याची खूण पात्यावर टेप लावून करावी. शेपटीकडे फळी पातळ असते आणि वरच्या बाजूने पाते बाहेर आलेले पाहण्यासारखे दुःख नाही.

प्लगाच्या फटीत रेझिन गेले तर तो कायमचा निकामी होतो, म्हणून तोंडावर टेप चिकटवावी. रेझिनमध्ये काचतंतूंचे बारीक तुकडे मिसळून ते दाट करावे, आधी थोडे छिद्रात ओतावे आणि प्लग हळूहळू फिरवत खाली दाबावा, म्हणजे हवा वर निघून येते. पॉलिएस्टर रेझिन वाळताना आक्रसते, म्हणून ते काठाच्या किंचित वर राहू द्यावे आणि मागाहून काचकागदाने सपाट करावे. दोन्ही प्लग एका रेषेत राहावेत यासाठी पर त्यांत अडकवूनच ठेवायचा आणि कललेल्या कोनाचा कापलेला पुठ्ठा त्याच्या अंगाशी धरून बसायचे. रेझिन घट्ट होईपर्यंत बोलायचे नाही, असा आमच्या गॅरेजचा नियम होता. गोठवणारे द्रव्य डोळ्यांना फार घातक आहे आणि काचेची धूळ छातीला. चष्मा, हातमोजे, मुखपट्टी यांच्यावाचून हे काम करू नये.

आणखी एका शब्दाने मला फसवलेच असते. पुस्तकात सर्वत्र नुसते 'फोम' असे होते. ते लिहिले गेले त्या काळी फोम म्हणजे पॉलियुरेथेन हे गृहीतच होते. पण अमेरिकेतील बहुसंख्य कारागिरांना असे ठोकळे पुरवणारा क्लार्क फोम हा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाला, आणि त्यानंतर पुष्कळ जण दुसऱ्या फोमकडे वळले. तो दुसरा फोम म्हणजे आपला थर्मोकोल. त्यावर पॉलिएस्टर रेझिन पडले तर तो साखरेसारखा विरघळतो. त्याला इपॉक्सीच हवे, आणि तेही एका वेळी फार ओतायचे नाही, कारण गोठताना ते तापते. आपल्याकडचा मुलगा घरी फळी करायला बसला तर त्याच्या हाती बहुधा थर्मोकोलच येणार. त्या वाक्याखाली मी प्रकाशकांच्या संमतीने दोन ओळी जोडल्या.

'बूच' मी पुस्तकातून सगळीकडून काढून टाकले. आता तेथे 'खोबण' आहे आणि वाक्य असे आहे: 'छिद्र खोबणीहून मोठे पाडावे, मधली जागा रेझिनने भरावी.' भाच्याने उजवी बाजू कोरडी करून, खराब झालेला फोम काढून, नव्याने भरून घेतली. ती फळी तो अजून वापरतो. दुरुस्त केलेला पर डाव्यापेक्षा किंचित अधिक कललेला आहे. त्या दिवशी पुठ्ठा मी धरला होता.