चाळणीतून जे निसटतं

सूक्ष्मजीवाश्मांच्या परिषदेत अध्यक्षाने विषयाचा समग्र आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज चाळणीविषयी बोलणार आहे.

सुरुवात घरापासून करू. सह्याद्री बेसाल्टचा, आणि बेसाल्टात आपल्या कामाचं काही सापडत नाही; तापल्या लाव्हात कोण टिकणार? तरीही दख्खनच्या उद्रेकाचं वय ठरवण्यात सूक्ष्मजीवाश्मांचा वाटा आहे, आणि तो उचलला गेला थेट राजमहेंद्रीजवळ. आपल्याकडचा लाव्हा हजारएक किलोमीटर वाहत तिथवर पोचला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा तिथे समुद्र होता. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात गाळ साचला आणि त्यात तरंगत्या फोरॅमिनिफेरांची, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीवांची, कवचं रुतली. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या दगडखाणींत महासंहारानंतर सुरू झालेल्या डेनियन काळाच्या अगदी आरंभीच्या जाती मिळाल्या. म्हणजे खालचे प्रवाह ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहाराच्या आसपास थांबले होते, असा निष्कर्ष त्यांनी २००८ साली मांडला. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या खोल विहिरींचे नमुनेही तपासले गेले. किरणोत्सारी पद्धतीने वय काढणाऱ्यांशी केलर यांच्या गटाचा वाद झाला.

महासंहारातून सावरू लागलेल्या समुद्रातल्या या जाती अगदीच खुज्या. ‘पार्व्हुलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना’ हे नाव तिच्या कवचापेक्षा कितीतरी लांब! आपण सवयीने ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नमुना धुतो, काहीजण तर १५० मायक्रॉनवरच मोजणी करतात. म्हणून महासंहाराच्या या सीमेवर काम करणारे ३८ ते ६३ मायक्रॉनचा भाग वेगळा काढून बघतात. तो भाग आपण नळाखाली सोडून दिला, तर ज्या जातींवरून सीमा ओळखायची त्याच गटारात जातात. वर अहवालात ‘जीवाश्म आढळले नाहीत’ असं लिहून आपण मोकळे.

विहिरीत आणखी एक गोची. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो, त्यात वरच्या भिंतीतून ढासळलेला मालही मिसळतो. त्यामुळे नवी जात खालच्या थरातही दिसू शकते, आणि तिचा उदय नेमका कुठे झाला हे चुऱ्यावरून सांगणं धोक्याचं. आपण भरवसा ठेवतो तो तिच्या अस्तावर, म्हणजे खाली उतरताना ती पहिल्यांदा कुठे भेटली त्यावर. एस्थर ॲप्लिन, अल्व्हा एलिसर आणि हेडविग निकर या तिघींनी १९२५ साली टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीतले भूमिगत थर जुळवून दाखवले, ते विहिरींतून आलेल्या अशाच नमुन्यांतल्या फोरॅमिनिफेरांवरून. त्याआधी एका भरसभेत नामवंत प्राध्यापकाने ॲप्लिनबाईंची खिल्ली उडवली होती. तेलकंपन्यांनी मात्र तिघींचं काम उचलून धरलं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. चाळणी किती मायक्रॉनची, नमुना चुऱ्याचा की कोअरचा आणि केसिंग, म्हणजे भिंत ढासळू न देणारी नळी, कुठल्या खोलीपर्यंत बसवलं होतं, हे प्रत्येक अहवालात लिहा. त्याशिवाय आलेला निबंध छापू नये, असं मी संपादकांना आजच सांगून ठेवतो. संस्थाचालकही समोर बसले आहेत, म्हणून आणखी एक: निवृत्त सहकाऱ्यांच्या कपाटातल्या स्लाइड्स भंगारात काढू नका. धुऊन उरलेला गाळ डबीत भरून, वर विहिरीचं नाव आणि खोली लिहून ठेवा. तीच विहीर पुन्हा खणायला पैसे कोणी देणार नाही.