हिरवे आकाश, स्फोटक भूमी

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने ठाणे जिल्ह्यातील एका नागरी व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात आलो आणि तिथेच केस पांढरे झाले. तेव्हा ड्रोन आणि रासायनिक कारखाने या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. अधिकार एवढाच, की या बाबतीत एक चूक माझ्या हातून घडलेली आहे. तिच्यापासूनच प्रारंभ करतो.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत द्रावकांच्या गोदामाला आग लागली. रात्रीची आवृत्ती माझ्याकडे होती. लग्नसमारंभांचे ड्रोनने चित्रीकरण करणारा एक तरुण माझ्या परिचयाचा होता. त्याला मी दूरध्वनी केला, "वरून छायाचित्र मिळेल का?" तो म्हणाला, "साहेब, अर्ध्या तासात पाठवतो." छायाचित्र आले. काळ्याकुट्ट धुरातून उसळणाऱ्या ज्वाळा! पाच स्तंभांत आम्ही ते छापले. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचा वर्षाव झाला.

तिसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचे एक अधिकारी कार्यालयात आले. त्यांनी माझ्या टेबलावर ड्रोनचा एक तुटलेला पंखा ठेवला आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "संपादक साहेब, चित्र उत्तम आले. पण तुमचे हे यंत्र शेजारच्या कारखान्यात, टाक्यांभोवती जी संरक्षक भिंत असते, तिच्या आत पडले. बॅटरी धुमसत होती. आग सोडून माझी दोन माणसे तिथे धावली."

पुढे काहीही झाले नाही. काही झाले नाही म्हणूनच त्याची बातमी झाली नाही. मात्र तो पंखा मी अजून जपून ठेवला आहे.

ठिणगीचे मोल

त्या अधिकाऱ्यांनी मला जे समजावले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते सोप्या शब्दांत सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, गटारांत, खड्ड्यांत साठते. हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले, की ती पेट घेण्यास सिद्ध होते. हायड्रोजन पेटण्यास ०.०२ मिलिज्यूल इतकी क्षुद्र ऊर्जा पुरते. हिवाळ्यात लोकरी कपडा अंगावरून काढताना जी ठिणगी उडते, तीसुद्धा याहून मोठी असते.

२९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा येथील तेलसाठ्यावर हेच घडले. पेट्रोल गळत राहिले, वाफेचा ढग तासाहून अधिक काळ पसरत गेला आणि कुठल्याशा ठिणगीने त्याचा स्फोट झाला. ११ जण मृत्युमुखी पडले. आग कित्येक दिवस धुमसत होती. म्हणूनच अशा आवारात शिरताना काडेपेटी आणि मोबाईल दारावर काढून घेतात. तेथील दिवे, पंपांच्या मोटारी, इतकेच काय विजेऱ्याही ज्वालारोधक प्रमाणपत्र असलेल्या लागतात. पेट्रोलियम आणि स्फोटक पदार्थांची सुरक्षा पाहणारी केंद्रीय संघटना आपल्या नागपुरातून देशभर या नियमांचा अंमल पाहते.

आता विचार करा. ज्या दारावर पहारेकरी आपल्या खिशातील काडेपेटी काढून घेतो, त्याच दारावरून शंभर मीटर उंचीवर चार मोटारी, उघड्या तारा आणि लिथियमची बॅटरी असलेले यंत्र कुणीही नेऊ शकतो! त्या बॅटरीला जबर मार बसला, तर ती आतल्या आत तापत जाऊन स्वतःच पेटते आणि एकदा पेटली की सहजासहजी विझत नाही. दोन किलो वजनाचा ड्रोन १२० मीटरवरून कोसळला, तर हवेचा अवरोध न धरता त्याचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात जातो. अवरोधाने तो कमी होईल हे खरे. तरी काचेची नळी किंवा माणसाचे मस्तक फुटण्यास तो पुरेसा आहे.

ड्रोन पडेलच कशाला, असे हौशी मंडळी विचारतात. कारखान्यावर तो पडण्याचा संभवच अधिक! पोलादी टाक्यांच्या सान्निध्यात त्यातील होकायंत्र बिथरते. सतत पेटत्या चिमणीच्या तोंडाशी तप्त हवेचे लोट उसळत असतात. संपर्क तुटला, तर बहुतेक ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत माघारी परततात. त्या रेषेत चिमणी वा विजेच्या तारा आहेत की नाहीत, हे प्रत्येक ड्रोनला कळतेच असे नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियमावली लागू झाली. ज्या १९३४ च्या विमान कायद्याखाली ती झाली, त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. नियमावलीने आकाशाचे तीन रंग केले. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या अनुमतीविना उड्डाण नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकाची अनुमती हवी. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे ४०० फुटांपर्यंत अनुमतीची गरज नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या अतिलघु ड्रोनला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यावसायिक कारणाविना उडवणाऱ्यालाही ते लागत नाही. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी एखादे क्षेत्र ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल घोषित करू शकतो.

ही नियमावली उदार आहे आणि ती तशी असणे योग्यच आहे. पूर्वीच्या किचकट अर्ज-परवान्यांनी या उद्योगाचा गळाच आवळला असता. परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हा नकाशा मुख्यतः विमाने आणि संरक्षण यांचा विचार करून रंगवलेला आहे. अणुकेंद्रे, लष्करी ठाणी यांची गोष्ट निराळी. परंतु एखाद्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यावरचे आकाश नकाशावर हिरवे दिसू शकते. हिरवा रंग एवढेच सांगतो, की येथे विमानाशी टक्कर होण्याची भीती नाही. खाली काय साठवले आहे, याविषयी तो मौन पाळतो. माझ्या त्या तरुण मित्रानेही नकाशा पाहिला होता. तो म्हणाला, "साहेब, हिरवे होते!"

मग हिरव्या आकाशात सारे काही क्षम्य आहे काय? मुळीच नाही. इतरांचा जीव धोक्यात घालणारे बेदरकार कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली अपराध ठरते. पोलिसांनी ड्रोनबंदीचा आदेश काढला असेल, तर तो मोडल्यास कलम २२३ लागते. अतिलघु वगळता इतर ड्रोनना त्रयस्थाच्या हानीचा विमा अनिवार्य आहे. माझ्या मित्राकडे तो नव्हता आणि मीही तो विचारला नव्हता. यातील कायदेशीर अपराध कदाचित त्याचा असेल. नैतिक अपराध मात्र नि:संशय माझा होता.

हौस आणि वैर

फ्रान्समध्ये २०१४ च्या शरद ऋतूत अनेक अणुवीजकेंद्रांवर अज्ञात ड्रोन घिरट्या घालताना दिसले. वास्तविक तेथे अशा उड्डाणास कैद आणि जबर दंडाची शिक्षा होती. जुलै २०१८ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी 'सुपरमॅन'च्या आकाराचा ड्रोन ब्युजे येथील केंद्राच्या भिंतीवर मुद्दाम आदळवला. सुरक्षा किती पोकळ आहे, हे त्यांना दाखवायचे होते. कायदा असूनही ड्रोन आत शिरला, हा त्यातील धडा.

आणि शत्रू काही प्रात्यक्षिकासाठी येत नाही. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक आणि खुरैस येथील तेलकेंद्रांवर ड्रोन व क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला आणि त्या देशाचे निम्मे तेलोत्पादन काही काळ ठप्प झाले. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या वायुदल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने पश्चिम सीमेवर शेकडो ड्रोन सोडले. ते आपल्या सैन्याने हाणून पाडले, याचा सार्थ अभिमान आपल्याला आहे. परंतु कारखान्याच्या पहारेकऱ्याला आकाशातला ठिपका शत्रूचा की लग्नाच्या चित्रकाराचा, हे कसे कळावे? प्रत्येक हौशी उड्डाण हा संभ्रम वाढवते. आणि शंभर वेळा दुर्लक्ष करण्याची सवय लागली, की एकशे एकाव्या वेळीही दुर्लक्षच होते.

नागरिकांचा हक्क

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो मला पटतो. कारखान्याच्या भिंतीलगत राहणारे लोक म्हणतात, "रात्री हे नाल्यात काय सोडतात, ते आम्ही पाहायचे नाही का? ड्रोनबंदी म्हणजे कारखानदाराला झाकण!" डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा या परिसराच्या छातीवर कोरलेल्या आहेत.

बंधूंनो, पाहण्याचा हक्क नि:संशय आपला आहे. मात्र तो बजावण्याचे साधन असे हवे, की ज्याने आपलेच घर पेटणार नाही. नाल्याचे पाणी सार्वजनिक जागेवरून, कारखान्याच्या हद्दीबाहेरून टिपता येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करून पंचनाम्याचा आग्रह धरता येतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आणि भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर, १९८९ साली घातक रसायनांविषयी जे नियम झाले, त्यांत फार मोलाची तरतूद आहे: मोठ्या अपघाताची भीती असलेल्या कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी जिल्हा प्रशासनाने आपत्कालीन योजना सिद्ध ठेवली पाहिजे आणि अपघात झाल्यास काय करावे, याची माहिती त्या लोकांना दिली गेली पाहिजे. या सभागृहातील किती जणांना भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने जायचे ते ठाऊक आहे? हात वर करा. (दोन-तीन हात वर झाले.) पाहिलेत! ड्रोनने जे दिसणार नाही, ते हे आहे.

मग ड्रोन नकोच का?

हवा, अवश्य हवा! पूर्वी उंच चिमणीची तपासणी करायची, तर परांची बांधून माणसे वर चढत आणि काही वेळा पडतही. आज ड्रोन ते काम करतो. तेलवाहिन्यांवरील चोरी पकडण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. परंतु जाणता व्यवस्थापक ड्रोनला वेल्डिंगइतकेच गंभीर मानतो. आधी लेखी अनुमती, आधी हवेतील वायूची मोजणी, वाऱ्याची दिशा, खाली अग्निशमनाची सिद्धता, मग उड्डाण. शेतात औषध फवारणाऱ्या आपल्या भगिनींनी रीतसर प्रशिक्षण घ्यावे आणि रसायनांच्या टाक्यांवर मात्र कुणीही हौसेने घिरट्या घालाव्यात, हे शोभत नाही.

शासनाने धोकादायक कारखान्यांची सूची आणि आकाशाचा नकाशा एकमेकांशी जोडावा. जमिनीवरचा धोका आकाशातही लाल दिसला पाहिजे. कारखानदारांनी अनोळखी ड्रोन दिसताच दगड मारू नये वा परस्पर जॅमर लावू नये. त्याला कायद्याची मुभा नाही. वेळ, दिशा टिपून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. आणि घरात ड्रोन असणाऱ्या पालकांनी मुलाला एवढेच शिकवावे, की उडवण्याआधी वर पाहतोस तसा खालीही पाहा.

आमच्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. आगीचे छायाचित्र वरून मिळाले नाही, तर खालून छापू. पाच स्तंभांऐवजी दोनच छापू. वाचक रागावणार नाही.

तो तुटलेला पंखा मी आज सोबत आणला आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी अवश्य पाहावा. विशेषतः तरुणांनी.