माप खरे, तर धंदा खरा



इमारती सामानाचा धंदा करणारे अनेक बांधव आपल्या समाजात आहेत. त्यांची एकच तक्रार असते : "शेजारचा ब्रासमागे पन्नास रुपये उतरला, आता मी काय करू?" बहुतेकजण आणखी पन्नास उतरतात. हे पैसे मग मापातून नाहीतर मालातून भरून निघतात, आणि आयुष्यात एकदाच घर बांधणारा माणूस नाडला जातो.

सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते तोवर माल मिळणे हीच मोठी गोष्ट होती. १९८२ साली ते अंशतः व १९८९ साली पूर्णपणे उठले. आज तीच गोणी दहा दुकानांत मिळते. मग गिऱ्हाइकाने भावाखेरीज विचारावे तरी काय? ते व्यापाऱ्यानेच त्याला शिकवले पाहिजे.

वाळूचेच पाहा. ब्रास म्हणजे १०० घनफूट. परंतु वाळू ओलसर झाली की फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असला तर तिचे आकारमान पाव हिश्श्यानेही वाढते. म्हणजे अशा एका ब्रासात कोरडी वाळू ८० घनफूटच भरते. काचेच्या बरणीत ही ओलसर वाळू भरा, पाणी ओतून ढवळा आणि ती किती खाली बसते हे गिऱ्हाइकाला दाखवा. वर साचलेला गाळही त्याला दिसेल. मग स्वस्त कोण व महाग कोण, हे तो स्वतःच ठरवील.

सळईचेही तसेच. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मि.मी. सळईचे ते सुमारे ८८९ ग्रॅम येते. हे कोष्टक दुकानात टांगा आणि माल काट्यावर तोलून द्या. सिमेंट तीन महिने पडून राहिले तर त्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते. म्हणून गोणीवरचा उत्पादनाचा आठवडा गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. स्लॅबच्या दिवशी खडी वेळेवर पोचवा. मजूर बसून राहिले तर भावातली सवलत त्यांच्या मजुरीतच जाते.

तरीही काही गिऱ्हाइके स्वस्ताकडे जातील. त्यांना जाऊ द्या. ज्याचे काम बिनतक्रार पार पडले, तो गवंडी दुसरे गिऱ्हाईक घेऊन येतो.

पवित्र कुरआनातील ८३ व्या सूरहचे नावच मापात कमी देणाऱ्यांवरून पडले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओले लागले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. आपल्या ओल्या वाळूला ती तंतोतंत लागू पडते.

शेवटी एक विनंती. वखारीवर बसवण्यासाठी मुलाला शाळेतून काढू नका. घनफूट, शेकडेवारी व वर्ग ही शाळेतलीच गणिते आहेत. ती ज्याला येतात, त्याला भाव पाडूनच माल विकावा लागत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना सचोटीची बरकत देवो. आमीन.