गुण ही देणगी नव्हे, कमाई आहे
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही परभणी जिल्ह्यातल्या जिनिंगमधले कामगार. दिवसभर रेच्यावर कापूस टाकायचा आणि पाळी सुटली की विहारात येऊन पुस्तक धरायचे, हेच आमचे शिक्षण. तेव्हा जे बोलू ते साधेच बोलू.

आपल्या वस्तीत एखादे पोर चांगले गायले की आपण म्हणतो, ही उपजत देणगी. तेच पोर दहावीत नापास झाले की म्हणतो, ह्याच्या नशिबातच नाही. बंधूंनो, नशीब मानणे आपण १९५६ साली बाबासाहेबांसोबत नागपूरला सोडले. मग ते लेकरांच्या कपाळी पुन्हा कशाला लिहायचे?

चुल्लपंथक भिक्खूची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. सख्खा थोरला भाऊ महापंथक, तोही म्हणाला, संघ सोड आणि घरी जा. तथागतांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ पांढरे फडके दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले, आणि अनित्य म्हणजे काय हे त्याला उमगले. तो अर्हत झाला. पाठांतर हा त्याचा गुण नव्हता, निरखणे हा होता. भावाला तो दिसला नाही, तथागतांना दिसला.

आता आपल्या काळातले घ्या. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले. मुंबईत मिलमध्ये राबले. तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. मग बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून वाचून वाचायला लागले. १९४३ साली पहिले गाणे लिहिले आणि २००४ साली जाईपर्यंत लिहीत-गात राहिले. नुसता गळा असता तर ते चार दिवस गाजले असते. त्यांनी गळ्याला अक्षराची जोड दिली आणि दोन्ही बाबासाहेबांच्या विचाराला लावले. ज्या आयाबायांना पुस्तक वाचता येत नव्हते, त्यांच्या घरात विचार गाण्यातून गेला. दादांना आयुष्याचे काम सापडले ते असे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. लेकराला आधी नीट बघा. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. गुण दिसला की रोजचा सराव लावा. आणि गुण आहे म्हणून शाळा सुटली तरी चालेल, असे कोणी समजू नये. दादांनी वाढत्या वयात अक्षर गाठले, आपण हातचे का सोडावे?

कमिटीला विनंती आहे, रविवारी वंदनेनंतर एक तास लेकरांना द्या. ढोलकी येते त्याने ढोलकी शिकवावी, गणित येते तिने धाकट्यांची गणिते घ्यावीत. एखाद्या पोरीला मशीन उघडून बघावेसे वाटत असेल, तर तिला पाना-पकड धरायला आम्ही कामगार शिकवू. आपला गुण दुसऱ्याच्या उपयोगी पडला की आपण कशासाठी आहोत हे माणसाला कळते.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!