विजेत्याच्या तोंडी कोणाचा देव?

मंडळाचं निमंत्रण आलं तेव्हा हा विषय मीच सुचवला. भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की तुम्ही सगळे त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये नेता. ईजिप्तच्या ममी बघेपर्यंत पाय दुखायला लागतात आणि ५२ नंबरच्या दालनातून माणसं भराभर पुढे निघून जातात. त्या दालनात वीतभर लांबीचा, भाजलेल्या मातीचा एक दंडगोल आहे. पुढच्या वेळी तिथे जरा थांबावं आणि थांबल्यावर काय बघायचं ते ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे बोलणं.

हा दंडगोल इराणच्या राजा सायरसचा. त्याने बॅबिलॉन घेतलं ते इ.स.पू. ५३९ च्या ऑक्टोबरमध्ये. लढायांचा तपशील सोडून देतो. दंडगोलावरचा मजकूर अक्कडी भाषेत, कीलाक्षरांत आहे. मजकूर असा : राजा नबोनिदसने मार्दुक देवाची पूजाअर्चा बिघडवली, मार्दुकाने देशोदेशी न्यायी राजाचा शोध घेतला, सायरसचा हात धरला आणि त्याला लढाईविना नगरात आणलं. जिंकणारा परका, आणि विजयाचं श्रेय मात्र हरलेल्या नगराच्या दैवताला!

आरोप अगदीच निराधार नव्हता. नबोनिदस चंद्रदेव सिनचा भक्त होता. सुमारे दहा वर्षं तो अरबस्तानातल्या तैमाला जाऊन राहिला, कारभार मुलावर, बेलशझारवर सोपवून. राजा नगरात नाही म्हणून नववर्षाचा अकितु उत्सव नाही, मार्दुकाची मूर्ती मिरवणुकीला बाहेर पडत नाही. त्या काळच्या इतिवृत्तात ही नोंद पुन्हा पुन्हा येते. आणि तिथलं मंदिर म्हणजे नुसता गाभारा नव्हे. जमिनी, मेंढरं, विणकर, धान्याची कोठारं, हिशेब लिहिणारे लेखनिक, सगळं मंदिराच्या पदरी. उत्सव थांबला की नगराची घडीच विस्कटते.

आता बारकाईने बघण्याजोगी एक गोष्ट. सायरस चालून येतोय म्हटल्यावर नबोनिदसने गावोगावच्या देवमूर्ती बॅबिलॉनमध्ये आणून ठेवल्या. शत्रूच्या हाती पडू नयेत, हाच त्यामागचा उघड हेतू. सायरसने त्या परत आपापल्या ठिकाणी पाठवल्या. दंडगोल सांगतो, नबोनिदसने देवांना त्यांच्या घरातून उठवलं आणि सायरसने घरी पोचवलं. मूर्ती हलवाव्या लागल्या त्या सायरसच्याच स्वारीच्या भीतीने, हे मात्र त्यात येत नाही. संत भानुदासांनी विजयनगरहून विठ्ठल परत आणला अशी आपली परंपरा आहे. तिथे श्रेय आणायला गेलेल्या भक्ताचं. इथे श्रेय घेतो तो चालून आलेला राजा. सायरसचं राजकारण या फरकात सापडतं.

(इथे एका ताईंनी विचारलं, 'ज्यूंना घरी जायला सोडलं तोच ना हा?')

तोच. पण दंडगोलावर जेरुसलेमचं नाव नाही. ती हकिकत बायबलच्या एज्रा ग्रंथात येते, आणि तिथला सायरस म्हणतो की मला सगळी राज्यं दिली ती यहोवाने. यशया ग्रंथ तर त्याला देवाचा अभिषिक्त म्हणतो. हा मान परक्या राजाला तिथे दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. म्हणजे बॅबिलॉनला मार्दुकाने निवडलेला आणि जेरुसलेमला यहोवाने निवडलेला, असा हा एकच माणूस.

आता मला सलणारी गोष्ट. 'सायरस म्हणजे इराणचा अशोक' हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकतो. मला ते पटत नाही. बॅबिलॉन पडण्याआधी तैग्रिसकाठी ओपिसला लढाई झाली, कत्तल झाली, लूट झाली. इतिवृत्तात तशी नोंद आहे. दंडगोल त्यावर गप्प आहे. अशोक तेराव्या शिलालेखात स्वतः सांगतो, कलिंगात १ लाख माणसं मारली गेली, दीड लाख हलवली गेली, आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो. विजेत्याने स्वतःच्या विजयाविरुद्ध दिलेली अशी साक्ष प्राचीन जगात फार दुर्मीळ आहे.

पण अशोकाकडेही नीट बघा. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तिथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत : सगळी माणसं माझी लेकरं आहेत, अधिकाऱ्यांनी न्यायाने वागावं. पश्चात्ताप गिरनारला, शाहबाजगढीला वाचायला मिळतो. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात नाही. म्हणून राजाचा धर्मलेख वाचताना मी आधी विचारतो, हे कोणाला ऐकवायचं होतं? दंडगोल पायाभरणीत पुरण्याच्या जातीचा, देवांसाठी आणि पुढच्या राजांसाठी. पण २०१० मध्ये म्युझियमच्याच संग्रहात याच मजकुराच्या पाटीचे दोन तुकडे ओळखले गेले. म्हणजे तो प्रजेतही फिरवला गेला असणार.

(प्रश्न : 'तो झरथुष्ट्री होता का? मुंबईत आमचे पारशी शेजारी अभिमानाने सांगायचे.')

अभिमान योग्यच आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हा दंडगोल मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. मात्र त्यावर झरथुष्ट्री धर्माच्या देवाचं, अहुरमज्दाचं, नाव नाही. ते ठळकपणे येतं पुढे दारयवहू राजाच्या बेहिस्तूनच्या लेखात. आणि पर्सेपोलिसच्या हिशेबाच्या पाट्या बघितल्या तर सरकारी कोठारातून एलामी देव हुंबानसाठीही धान्य जातं. खुद्द इराणातसुद्धा राज्य एकाच देवाचं नव्हतं.

(शेवटी एका तरुणाने विचारलं, 'मग हे सगळं ढोंगच ना?')

नाही. सायरसच्या मनात काय होतं ते सोडा. इ.स.पू. ६८९ मध्ये असिरियाच्या सेनाकेरिबने हेच बॅबिलॉन उद्ध्वस्त केलं आणि देवमूर्ती फोडल्याचं स्वतः लिहून ठेवलं. सायरसने ती वाट धरली नाही. जितांच्या देवाच्या नावाने राज्य मागणाऱ्या राजाला ते देऊळ, ते पुजारी, तो उत्सव सांभाळावा लागतो. तो त्याने स्वतःवर घालून घेतलेला बांध असतो. मंदिरांकडून इराणी राजवटीने मजूरही घेतले, मालही घेतला, सक्तीनेही घेतला. पण मंदिरं उभी राहिली. मुलांना दंडगोल दाखवाल तेव्हा 'मानवी हक्कांची पहिली सनद' म्हणून दाखवू नका. ते बिरुद विसाव्या शतकातलं. जिंकणाऱ्याने जितांकडून काय घेतलं आणि त्यांच्यापाशी काय राहू दिलं, हे दोन्ही सांगा. कुठल्याही विजेत्याच्या धर्माचं माप मी यावरूनच काढतो.