वाकड्या लाकडाचं धनुष्य



धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरळसोट, रंधून गुळगुळीत केलेली काठी येते. माझं म्हणणं असं, की धनुष्यात सरळ असावी लागते ती दोरी. लाकूड आपल्या वळणाने गेलं तरी चालतं. कारागिराने त्या वळणामागे जायचं असतं.

अमेरिकेतल्या ओसेज ऑरेंज या झाडाचं उदाहरण घेतो. रेड नदीच्या खोऱ्यातलं, टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या भागातलं हे काटेरी झाड. तिथल्या मूलनिवासींमध्ये धनुष्यासाठी याच्या लाकडाला फार मान होता. 1804 मध्ये शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने याच्या फांद्या राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना मुद्दाम पाठवल्या होत्या. पुढे, काटेरी तार सर्रास मिळू लागण्याआधी, शेतकऱ्यांनी याची लांबच लांब कुंपणं लावली. कुंपणातलं झाड दाटीत वाढतं, छाटलं जातं, उजेडाकडे झुकतं. म्हणून नितळ, सरळ ओंडका क्वचितच सापडतो. नागमोडी, पिळाचे, गाठींचे मात्र हवे तितके.

असा ओंडका करवतीने सरळ कापला तर प्रत्येक वळणावर तंतू तुटतात. म्हणून तो पाचरी ठोकून फोडायचा. चीर आपोआप तंतूंच्या वाटेने जाते. मग साल आणि त्याखालचं पांढरट लाकूड काढून आतल्या पिवळ्या लाकडाचं एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत उघडं करायचं. धनुष्य ओढलं की तिरंदाजाच्या पलीकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि त्याच्याकडचं पोट दाबलं जातं. पाठीवरचे तंतू कुठे छेदले गेले असतील, तर ताण आल्यावर तिथूनच सळपट उचकटतं. दोन्ही हातांनी ओढायच्या सुऱ्याने वलयाच्या उंचसखलपणाबरोबर वर-खाली जात राहणं हे अतिशय सावकाशीचं काम आहे, आणि माझ्या मते या कलेतलं सर्वांत सुंदर कामही तेच.

गाठ आली की ती सपाट करायची नाही. तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड राखायचं, कारण तिथे तंतू गाठीला वळसा घालून गेलेले असतात. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यातल्या यू लाकडाच्या लढाऊ धनुष्यांवरही गाठींपाशी असं राखलेलं लाकूड दिसतं.

आता वळणाकडे आणि पिळाकडे येऊ. दोन्ही टोकांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो मुठीवरून गेला पाहिजे. मुठीपासून टोकांपर्यंतच्या भुजा डावी-उजवीकडे कितीही नागमोडी असोत, दोरा मुठीवर आला की धनुष्य होऊ शकतं. तो बाजूला पडत असेल तर उष्णता द्यायची. गरम झालं की तंतूंना जोडून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं. मग शिकंज्यात धरून भुजा हवी तेवढी वळवायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायची नाही. पीळही असाच उलटा फिरवून कमी करता येतो. थोडा उरला तरी भिण्याचं कारण नाही. भुजा तिरपी वाकून दोरी टोकाच्या खाचेतून निसटायला लागली, तरच तो पीळ घातक समजावा.

शेवटी पोट खरवडत भुजा समान वाकवण्याची पायरी. सरळ धनुष्यात कारागीर एकसंध कमान शोधतो. वाकड्या लाकडात ती कमान डोळ्याला फसवते. भुजेला मुळातच पुढच्या दिशेने बाक असेल तर ओढल्यावरही ती जागा ताठ दिसते. नवखा माणूस ती कमानीत बसवायला तिथे खरवडत राहतो. लाकूड पातळ होतं, वाकण्याचा सारा भार त्या एका जागी येतो, आणि पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात. तंतू दाबाने चुरडल्याची ती खूण. म्हणून मोकळं असताना प्रत्येक टप्प्याचा आकार नीट पाहून ठेवावा. ओढल्यावर तो टप्पा मूळ आकारापासून किती हलला, एवढंच मोजावं, आणि शेजारच्यापेक्षा कमी हलला असेल तरच तिथे खरवडणी लावावी.