कोणता देव?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पास्कल हे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. दाब मोजण्याच्या एककाला या फ्रेंच गणितज्ञाचे नाव दिलेले आहे. १६६२ मध्ये वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी तो वारला. त्यानंतर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलेले एक टिपण नोकराच्या हाती लागले. २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री आलेला एक उत्कट धार्मिक अनुभव पास्कलने त्यात नोंदवला होता. आपल्याला भेटलेला देव तत्त्वज्ञांचा नव्हे, तर बायबलमधल्या अब्राहामाचा आहे, असा त्याचा आशय. पण मग या दोन देवांमध्ये फरक तो काय?

तत्त्वज्ञांचा देव पाहायचा तर ॲरिस्टॉटलकडे जावे लागते. जगात सगळीकडे हालचाल आहे आणि प्रत्येक हालचालीला कारण आहे. कारणांची ही साखळी कुठेतरी थांबली पाहिजे. म्हणून स्वतः अचल राहून सर्वांना चालवणारे एक तत्त्व असले पाहिजे, असे त्याने मांडले. हे तत्त्व परिपूर्ण आहे, म्हणून ते स्वतःच्याच चिंतनात मग्न असते. सारे विश्व त्याच्या ओढीने फिरते, पण ते विश्वाकडे वळून पाहत नाही. सतराव्या शतकात स्पिनोझाने ईश्वर आणि निसर्ग एकच मानले. देवावर खरे प्रेम करणाऱ्याने देवाकडून प्रेमाची अपेक्षा ठेवू नये, असे त्याचे म्हणणे. आपण स्पिनोझाचा देव मानतो, असे १९२९ मध्ये आइन्स्टाइन यांनी सांगितले होते. या कल्पनेचे मोठेपण उघड आहे. हा देव कोणाची बाजू घेत नाही, रागावत नाही, नवसाला भुलत नाही.

बायबलमधला देव मात्र अगदी सुरुवातीलाच हाका मारू लागतो. लपून बसलेल्या आदामाला तो विचारतो, तू कुठे आहेस? भावाचा खून केलेल्या काइनाला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तत्त्वज्ञांचा देव हे माणसाच्या प्रश्नाचे उत्तर असते. इथे देवच माणसाला प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. मिसर देशातल्या गुलामांचा आक्रोश त्याला ऐकू येतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तर तो येशूच्या रूपाने माणूस होतो, मित्राच्या कबरीपाशी रडतो, क्रुसावर मरतो.

आपल्याला इथे निर्गुण-सगुण ही जोडी आठवेल. पण हे साम्य अर्ध्यावरच थांबते. बायबलच्या देवाची मूर्ती करण्यास सक्त मनाई आहे. तो निराकार आहे, तरीही तो बोलतो, ऐकतो, वचन देतो.

या देवाला मानणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मूल आजारी पडून दगावले, तर अचल तत्त्वाला जाब विचारता येत नाही; तिथे ऐकणारे कोणी नाहीच. पण जो ऐकतो असे म्हणता, तो गप्प का राहिला? बायबलमधला ईयोब हेच विचारतो. त्याला दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगितले जात नाही. मात्र देव त्याच्याशी बोलतो, आणि तक्रार केली म्हणून त्याला दूर लोटत नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या दोन्ही वाटा जोडण्याचा प्रयत्न केला. आदिकारण आहे, इथपर्यंत बुद्धी नेते. ते आपल्यावर प्रेम करते आणि त्यासाठी माणूस झाले, हे देवाने स्वतः प्रकट केल्याशिवाय कळत नाही, अशी त्याची मांडणी होती. पुष्कळांना ती पटली, पुष्कळांना नाही.

देव आहे की नाही, यावर आपल्या घरांतूनही वाद होतात. पुष्कळदा एकजण आदिकारणाबद्दल बोलत असतो आणि दुसरा हाक ऐकणाऱ्याबद्दल. एकाचा पुरावा दुसऱ्याला पुरत नाही आणि एकाचे खंडन दुसऱ्याला लागू पडत नाही. तेव्हा वाद सुरू करण्यापूर्वी एवढेच विचारावे: आपण कोणत्या देवाविषयी बोलतो आहोत?